वाट बघणारा नवरा आणि मागून येणारी मी: ८४० किमी एकत्र कसे कापायचे?

मागचंचाक

नमस्कार मंडळी. धागा अर्धा सायकलचा आणि अर्धा संसाराचा आहे. कुठल्या विभागात टाकावा कळेना, म्हणून इथेच टाकते.

माझं वय ४६, नवऱ्याचं ४९. येत्या वसंतात दोघांनी बारा दिवसांची सुट्टी जुळवली आहे आणि ८४० किमीचा बेत केला आहे. हमरस्ते टाळायचे, छोट्या गावांच्या मधून जाणारे जुने रस्ते धरायचे, मुक्कामही गावातच, तंबू वगैरे नाही. ८४० भागिले १२, रोजचे ७०. कागदावर अगदी गोड दिसतं.

अडचण अशी की तो सायकलवाला आहे आणि मी सायकल चालवते. फरक कळला असेल. मागच्या वर्षी त्याने २०० किमीची ब्रेव्हे (ठरलेल्या वेळात पुरी करायची लांब पल्ल्याची राइड) केली. तिला साडेतेरा तासांची मुदत असते, हा दहाच्या आत मोकळा. मी रविवारी ४० किमी करते आणि दुपारी झोपते.

परवा सगळं सामान लादून ६२ किमीची रंगीत तालीम केली. तो पुढे निघून जातो आणि पाच-सात किमीवर एखाद्या फाट्याला थांबतो. मी धापा टाकत पोचते तेव्हा त्याचा एक पाय जमिनीवर, एक पॅडलवर, हातात बाटली, तिचं झाकण लावणं चाललेलं. 'आलीस? चल.' म्हणजे त्याची दहा मिनिटं विश्रांती झाली आणि माझी शून्य. हे दिवसभरात नऊ वेळा झालं, मी मोजलंय. शेवटच्या तीन फाट्यांवर मी त्याच्याशी बोललेच नाही. त्याला वाटलं मी दमलेय.

सामान दोघांकडे आठ-आठ किलो. त्याने वजनकाट्यावर ठेवून अगदी ग्रॅमपर्यंत सारखं वाटलं, न्याय म्हणून. माझी सायकल साधी रोडची, पुढे ५० आणि ३४ दाती, मागे ११ ते २८. टायर ७०० बाय ३५.

शिवाय चाळिसाव्या किमीपासून डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी बटण लावताना ती बोटं दुसऱ्याच कुणाची तरी वाटत होती.

तर ज्यांनी जोडीने असे लांबचे प्रवास केलेत त्यांनी सांगा. पुढे कुणी राहायचं? रोजचे ७० जमतात का? की त्याने त्याचं करावं आणि मी संध्याकाळी बसने त्याला गाठावं? हा शेवटचा पर्याय मी अजून घरात बोललेले नाही.

तिसरीघंटी

टँडम (दोघांनी मिळून चालवायची एकच सायकल) घ्या, विषय संपला. एका सायकलवर कोण पुढे गेलं आणि कोण मागे राहिलं हा वादच उरत नाही. (हलके घ्या.)

थोडं गंभीरपणे: आम्ही एकदा दोन दिवस भाड्याची टँडम चालवली. दोघांचे क्रँक (पॅडलचे दांडे) एका साखळीने जोडलेले असतात, त्यामुळे एकाने पाय थांबवले की दुसऱ्याचेही थांबतात. पुढच्याला सगळं दिसतं, मागच्याला पाठ दिसते. खड्डा आला की पुढच्याने ओरडून सांगायचं असतं. माझे हे विसरायचे. दुसऱ्या दिवशी दुपारी सायकल परत केली, लग्न टिकलं.

मागचंचाक

@तिसरीघंटी, पाठ तर मला आत्ताही दिसते, फक्त फार लांबून.

सुटलेलीचेन

ताई, फाट्यावर एक पाय टेकून उभा राहणारा तो माणूस मीच होतो. त्यामुळे जरा लांबण लावतो, सांभाळून घ्या.

सहा वर्षांपूर्वी आम्ही दोघं असेच वसंतात निघालो. सोळा दिवस, अकराशे किमीच्या जरा वर. मी तेव्हा ५२ चा, बायको ५०. मला वाटायचं की पुढे जाऊन थांबणं म्हणजे काळजी घेणं. मी थांबतोय की! सोडून थोडाच जातोय?

तिसऱ्या दिवशी दुपारी एक गाव लागलं. वेशीपाशी रस्ता फुटतो: डावीकडे जुना रस्ता बाजारातून, उजवीकडे बायपास. मी डावीकडे वळलो आणि सावली बघून दोनशे पावलं आत, एका भिंतीला टेकून उभा राहिलो. फाट्यावर नाही, फाट्याच्या आत. ऊन होतं म्हणून. वीसेक मिनिटांनी ती फाट्यावर आली, तिला कुणी दिसलं नाही, ती सरळ बायपासने गेली.

बायपासच्या कडेला काय असतं ते सायकलवाल्यांना माहीत आहे. ट्रकचे टायर फुटतात तेव्हा त्यांच्यातल्या बारीक पोलादी तारा रस्त्यावर सांडतात आणि वारा, पाऊस, गाड्या त्या कडेला लोटतात. आपण नेमके तिथूनच जातो. चार किमीवर तिचं मागचं चाक बसलं.

पंप माझ्याकडे. जादा ट्यूब माझ्याकडे. पॅच, सोल्युशन, लिव्हर, सगळं माझ्याकडे, कारण निघताना मीच म्हणालो होतो, 'दोन-दोन टूलकिट कशाला?' सहाशे ग्रॅम वाचवले होते मी. तिचा फोनही माझ्या हँडलच्या पिशवीत, पॉवरबँकला लावलेला. एका टेंपोवाल्याने थांबून स्वतःचा फोन दिला, तर तिला एकच नंबर तोंडपाठ: आमचा घरचा जुना लँडलाइन. तो दोन वर्षांपूर्वी बंद केलेला.

आणि मी इकडे काय करत होतो? पहिली चाळीस मिनिटं चिडत होतो. ती आल्यावर काय बोलायचं ते वाक्य मनात घोळवत होतो. मग मागे फिरलो, जुन्या रस्त्याने सहा किमी उलटा गेलो, पुन्हा आलो, आणि तेव्हा कुठे बायपास आठवला.

सव्वादोन तासांनी भेटली. मैलाच्या दगडावर बसलेली, ट्यूब गळ्यात घातलेली. ट्यूब निघावी म्हणून तिने टायरची एक कड नुसत्या अंगठ्यांनी रिमवरून उतरवली होती, नखं काळी झालेली. आणि पंप नसला तरी शोधता येतं ते शोधलं होतं: पायातला मोजा काढून टायरच्या आतून फिरवला, जिथे धागा अडकला तिथे तार. अर्ध्या नखाएवढी. माझा हात ओढून ती तार तळहातावर ठेवली आणि म्हणाली, 'पंप.' एवढंच. मी घोळवलेलं वाक्य गिळलं.

त्या रात्री आम्ही जे ठरवलं ते उरलेले तेरा दिवस पाळलं. सांगतो.

ज्याचं त्याचं सामान ज्याच्या त्याच्याकडे. पंप, दोन ट्यूब, पॅच, लिव्हर, पाणी, पैसे, फोन आणि कागदावर लिहिलेला नंबर. हे वजन वाटपात धरायचंच नाही, हे सायकलचाच भाग समजायचं.

थांबायचं ते फाट्यावरच, वळणाच्या आधी, दिसेल असं. सावली असो नसो. मागच्याची नजरानजर झाल्याशिवाय वळायचं नाही.

आणि विश्रांतीचं घड्याळ शेवटचा माणूस पोचल्यावर सुरू होतं. ताई, तुमच्या नऊ फाट्यांचं उत्तर हे आहे. ती आली की मी दहा मिनिटं मोजायचो. ती येईपर्यंत जो वेळ मिळायचा त्यात बाटल्या भरणं, पुढच्या रस्त्याची चौकशी, चेन पुसणं, ही माझी कामं. नुसतं उभं राहायचं नाही. नुसता उभा राहिलेला नवरा बघून जे होतं ते तुम्हीच लिहिलंय.

पुढे कोण? चढावर आणि गावातून जाताना ती पुढे. समोरून वारा असेल तर सपाटीला मी पुढे, म्हणजे तिला आडोसा. पण हँडलच्या टोकाला बसतो तो छोटा आरसा लावल्यावरच. आरशात ती लहान व्हायला लागली की मी पाय हलके करायचो. आधी मान वळवून बघायचो, त्यात एकदा खड्ड्यात गेलो. आडोशाला राहायचं तर जवळ राहावं लागतं. सवय नसेल तर एक सायकलभर अंतर ठेवा, अगदी चाकाला चाक नको.

आता ७० चा हिशोब. गाड्या चालत असतानाची सरासरी धरू नका. थांबे, चुकलेले रस्ते, पंक्चर, फोटो, सगळं धरून जोडीचा वेग ताशी १० किमी निघतो, आमचा तरी तेवढाच निघाला. म्हणजे ७० ला सात तास. सकाळी साडेसहाला निघालात तर दीड-दोनला पोचता, हे उत्तम. पण तुमच्या कागदात सुट्टीचा दिवसच नाही! बारा दिवस सलग ७० म्हणजे पाचव्या-सहाव्या दिवशी गाडं अडतं. पाय नाही दुखत, बूड दुखतं, आणि डोकं. आणि दोन दिवस सुट्टीचे काढलेत तर रोजचे ८४ होतात, ते तुमच्या तालमीपेक्षा २२ ने जास्त. माझं स्पष्ट मत: ८४० सोडा, ६८० ते ७०० वर या. पहिले तीन दिवस ५०-५५, चौथा दिवस पूर्ण आराम, मग हवे तर ८० करा.

बसचा पर्याय वाईट नाही. घरात बोलून टाका. आम्ही एक दिवस वापरला, तोही माझ्यासाठी, माझं पोट बिघडलं होतं.

चौतीसदाती

वरचा प्रतिसाद छापून सायकलच्या कॅरिअरला बांधा. मी फक्त गिअर आणि बोटांबद्दल लिहिते.

ताई, तुम्ही हळू आहात त्यात निम्मा वाटा तुमच्या मागच्या चक्रांचा आहे. हिशोब करून बघा. ७०० बाय ३५ च्या चाकाचा घेर साधारण २.१७ मीटर. पुढे ३४, मागे २८ हा तुमचा सगळ्यात हलका गिअर, म्हणजे पॅडलच्या एका फेऱ्यात चाक १.२१ वेळा फिरतं, सायकल २.६ मीटर पुढे जाते. चढावर मिनिटाला ६० फेरे ठेवायचे तर ताशी साडेनऊ किमीचा वेग हवाच. तेवढी ताकद नसेल तर फेरे ५०, ४० वर येतात, गुडघ्यावर जोर येतो आणि माणूस उतरून ढकलायला लागतो. तुम्ही कमी पडत नाही आहात, सायकल तुम्हाला हळू जाऊ देत नाहीये.

मागे ३४ दातांचं चक्र बसवलंत की पुढे ३४, मागे ३४, बरोबर एकास एक. त्याच ६० फेऱ्यांना ताशी ७.८ किमी. ऐकायला फरक किरकोळ वाटतो, पण सरळ चढावर जवळजवळ सगळी ताकद वजन वर उचलण्यात जाते, म्हणजे वेग १८ टक्के कमी तर लागणारी ताकदही साधारण तेवढीच कमी. नवरोबांच्या सायकलवर काय आहे ते लिहिलं नाहीत, पण ब्रेव्हेवाल्यांकडे बहुधा असतंच. मेकॅनिकला एवढंच विचारा की मागचा डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) ३४ घेतो का. आखूड पिंजऱ्याचा असेल तर घेणार नाही, तो बदलावा लागेल. पुढचं ३४ लहान करायच्या भानगडीत पडू नका, तुमच्या प्रकारच्या क्रँकवर त्याहून लहान बसायची शक्यता कमी.

गंमत म्हणजे टूर द फ्रान्स सुरू करणारे आंरी देग्रांज यांनी १९०२ मध्ये लिहून ठेवलंय की गिअर बदलणं हे पंचेचाळिशी उलटलेल्यांचं काम. त्यांच्या शर्यतीत डिरेलरला परवानगी मिळायला १९३७ उजाडलं. तुम्ही ४६ च्या, म्हणजे त्यांच्या हिशोबानेही तुम्हाला मुभा आहे.

आता ते सारखं वाटलेलं सामान. न्याय सामान सारखं करून होत नाही, दम सारखा करून होतो. समजा तुम्ही, सायकल आणि सामान मिळून ७९ किलो आणि ते ९१. तुमच्या आठातले सहा त्यांच्याकडे दिले की तुम्ही ७३, ते ९७. चढावर तुमचं ओझं साडेसात टक्क्यांनी उतरलं, त्यांचं साडेसहाने चढलं. दोघांमधलं अंतर जवळजवळ १४ टक्क्यांनी मिटलं, आणि खर्च शून्य. ब्रेव्हेवाल्या माणसाला हे शिक्षा म्हणून सांगू नका, सराव म्हणून सांगा. आमच्याकडे तसंच खपवलं.

बोटं: करंगळी आणि अनामिका म्हणजे अल्नार नस. ती तळव्याच्या करंगळीकडच्या गादीखालून जाते आणि हँडलवर नेमका तिथेच भार येतो. आधी सीट बघा. दुखू नये म्हणून नाक खाली झुकवलंय का? तसं असेल तर तुम्ही दिवसभर पुढे घसरताय आणि हातांनी स्वतःला मागे ढकलताय. सपाट जमिनीवर सायकल उभी करून सीट समतल करा. दर पाच-दहा मिनिटांनी पकड बदला, कोपर किंचित वाकलेलं ठेवा. हँडल लांब वाटत असेल तर आखूड स्टेम (हँडल सायकलला जोडणारा तुकडा). आणि बधिरपणा दोन-तीन दिवसांत गेला नाही, किंवा पकडच ढिली वाटायला लागली, तर सायकल ठेवा आणि डॉक्टर गाठा. आधी बरं होऊ दे, मग ८४० किंवा ७०० काय ते.

जाता जाता. फॅनी बुलक वर्कमन आणि विल्यम हंटर वर्कमन हे अमेरिकन जोडपं १८९५ मध्ये स्पेनभर सायकलने हिंडलं. ती छत्तिशीची, तो तिच्याहून बारा वर्षांनी मोठा. रोजची सरासरी ४५ मैल, म्हणजे तुमचे ७२ किमी, तेही बिनगिअरच्या सायकलींवर. पुढे दोन-तीन वर्षांतच दोघं सायकली घेऊन भारतात आले. त्यांच्यात कोण फाट्यावर थांबायचं हे मला फार जाणून घ्यायचं आहे.

पहाटपाळी

वसंताबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून दोन शब्द.

वारा. सकाळी जमीन गार असते, वरचा जोराचा वारा वरच राहतो. ऊन चढलं की खालची हवा तापून वर जाते, वरची खाली येते आणि दुपारी तोच वारा तुमच्या तोंडावर. म्हणून दीड-दोनला पोचण्याचा सल्ला सोन्यासारखा आहे. शेवटचे १५ किमी दुपारी तीननंतरचे आणि तेच सकाळी नऊचे, यांची बरोबरी नाही.

सूर्य. २०-२१ मार्चच्या आसपास तो जवळजवळ नेमका पूर्वेला उगवतो आणि नेमका पश्चिमेला मावळतो. तुमचा रस्ता पूर्व-पश्चिम असेल तर सकाळी पूर्वेला जाताना मागून येणाऱ्या गाडीवाल्याच्या डोळ्यांत सूर्य आणि त्यापुढे तुम्ही, म्हणजे दिसतच नाही. जमलं तर सकाळी पश्चिमेकडे जाणारा मार्ग आखा. नाही जमलं तर मागचा लाल दिवा दिवसाही चालू.

कपडे. सकाळी बोटं गारठतात आणि अकराला बनियनवर यावंसं वाटतं. पॉल द व्हिवी म्हणून एक फ्रेंच गृहस्थ होते, 'व्हेलोसिओ' या टोपणनावाने लिहायचे, १९३० मध्ये वारले. गिअरचे मोठे पुरस्कर्ते. लांब पल्ल्यासाठी त्यांनी काही नियम सांगितले: भूक लागायच्या आधी खा, तहान लागायच्या आधी प्या, थंडी वाजायच्या आधी अंगावर चढवा आणि उकडायच्या आधी उतरवा. आणखी एक असा की निव्वळ ऐटीसाठी पॅडल मारू नका. हा शेवटचा कुणाला वाचून दाखवायचा ते तुम्ही ठरवा.

पहिल्या सरीत रस्त्यावरची धूळ आणि तेल वर येतं, त्यात झाडांचा मोहोर-पाकळ्या सांडलेल्या असल्या तर वळणावर चाक निसटतं. रिम ब्रेक असतील तर ओल्या रिमला सुरुवातीला ब्रेक नीट धरतच नाही. आधीपासून हलका दाबत या.

छोट्या गावांतला मेकॅनिक बहुतेक वेळा तुमच्या-माझ्यापेक्षा हाताने जास्त हुशार असतो. पण तुमच्या मॉडेलचा डिरेलर हँगर (डिरेलर सायकलला अडकवणारा तुकडा), तुमच्या गिअरांना चालणारी क्विक लिंक (चेन जोडायची सुटी कडी) आणि बारीक वॉल्वचा अडॅप्टर त्याच्याकडे नसतो. हे तीन जिन्नस मुठीत मावतात.

उलटापॅडल

हळू चालणाऱ्याला पुढे ठेवा, हे मला पटत नाही. मी आमच्यातली हळू. पुढे असले की कुणीतरी मागे लागलंय असं वाटतं आणि मी झेपेल त्याहून जोरात जाते. तासाभरात वात. मागेच बरी, फक्त त्याने टप्पे छोटे ठेवावेत.

सुटलेलीचेन

@उलटापॅडल, माणसागणिक फरक आहे, मान्य. म्हणूनच मी चढावर आणि गावात एवढंच म्हटलं.

मागचंचाक

अकरा दिवसांनी अपडेट देते.

मागे ३४ बसवलं. डिरेलर बदलावा लागला. सामानाचं गणित कागदावर मांडून त्याला दाखवलं, तो अभियंता आहे, भावनेपेक्षा टक्क्यांना लवकर विरघळतो. माझ्याकडे आता दोन किलो, वर माझा स्वतःचा पंप आणि ट्यूब. फोन नंबर कागदावर लिहायला बसले तर मला त्याचा नंबर पाठ नाही हे कळलं. त्याला माझा पाठ होता. यावर आम्ही बोलणार नाही असं ठरलंय.

रविवारी ५४ किमी केले, मधला घाट धरून. घाटात मी पुढे. @उलटापॅडल, तुम्ही म्हणता ते खरंच झालं, पण कारण वेगळं निघालं. मी पाय मारतेय आणि मागून टिकटिकटिकटिक. तो पाय थांबवून नुसता सोडून देत होता आणि त्याचं फ्रीव्हील वाजत होतं. माझी पूर्ण ताकद ही त्याची विश्रांती, आणि ती मला ऐकू येतेय! दोन किमी सहन केलं. मग थांबून सांगितलं. त्याला कल्पनाच नव्हती की ते ऐकू जातं. नंतर त्याने हलक्या गिअरवर पाय फिरवत ठेवले आणि आवाज बंद झाला. घाटमाथ्यावर पहिल्यांदाच दोघांनी एकाच वेळी बाटली उघडली.

बोटं बरी आहेत. सीटचं नाक खरंच खाली होतं, मीच केलेलं. बेत ७०० वर आणलाय, दोन दिवस आरामाचे. बसचं पण बोलले. तो म्हणाला, 'मलाही वाटलंच होतं, पण तुला राग येईल म्हणून बोललो नाही.' मग थोडा राग आलाच.

एक प्रश्न राहिला. कॅसेट (मागच्या चक्रांचा संच) नवी, डिरेलर नवा, पण चेन जुनीच आहे, साधारण तीन हजार किमी झालेली. मेकॅनिक म्हणाला चालेल. कालपासून मोठ्या चक्रावर टाकलं की कुरकुर येते आणि चेन अगदी ताणल्यासारखी दिसते. बदलू का?

सुटलेलीचेन

बदला, आणि निघायच्या किमान शंभर किमी आधी बदला. झिजलेली चेन नव्या कॅसेटचे दात खाते. घरीच बघायचं असेल तर १२ इंचांची पोलादी पट्टी लावा: शून्यावर एका पिनचा मध्य धरला की १२ वर दुसऱ्या पिनचा मध्य यायला हवा. एक सोळांश इंचाने पुढे गेला असेल तर चेन संपली.

ताणल्यासारखी दिसते त्याचं कारण झीज नाही, लांबी. जुनी चेन २८ च्या मापाने कापलेली आहे, ३४ ला अपुरी पडतेय. तोवर पुढे मोठं, मागे मोठं असं अजिबात टाकू नका, डिरेलर उपटून निघेल. नवी चेन कापताना डिरेलरमधून न घेता पुढच्या ५० वरून आणि मागच्या ३४ वरून गुंडाळा, जिथे जुळते त्याच्यापुढे दोन कड्या जास्त ठेवा आणि मग कापा. मेकॅनिकच्या शेजारी उभं राहून मोजून घ्या.

कापून उरलेला तुकडा फेकू देऊ नका, वाटेत चेन तुटली तर त्यातल्या कड्या कामाला येतात. आणि तो त्यांच्या पिशवीत नको, तुमच्या.